रायफलीची आवडती गोळी

"शैला, जरा हळू श्वास घे. टेबल हलतंय."

"मी चांगली लांब बसलेय हो," शैलाताई म्हणाल्या. "आणि टेबल दगडी आहे."

व्यंकटरावांचा गाल रायफलीला चिकटला होता. नळीखाली वाळूची पिशवी होती. व्यंकटराव भूमी अभिलेख कार्यालयात घालायचे त्या तपकिरी पॅन्टचा एक पाय कापून शैलाताईंनीच ती शिवलेली. रायफल ठप्पकन वाजली आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर आणखी एक भोक पडलं.

पुढच्या महिन्यात पुण्याला ज्येष्ठांची स्पर्धा होती. गेल्या वर्षभरात व्यंकटरावांचा नेम ढासळत चालला होता आणि त्याचं खापर त्यांनी गोळ्यांवर फोडलं होतं. 'पॉइंट टू टू'च्या प्रत्येक रायफलीची आवड निराळी, हे ते पाहुण्यांनाही चहाआधी ऐकवत. एकीला महागडीच गोळी मानवते, दुसरी साध्या गोळीवर खूश असते. म्हणून त्यांनी चार कंपन्यांच्या चार डब्या आणल्या होत्या, लाल, निळी, हिरवी आणि पिवळी. लाकडी ठोकळ्यातल्या भोकांच्या चार रांगांत चार प्रकार भरायचं काम शैलाताईंचं. कुठल्या रांगेत कुठली गोळी ते आपल्याला सांगायचं नाही, हा नियम मात्र व्यंकटरावांचा स्वतःचा. "कळलं की मन आधीच बाजू घेतं," ते म्हणाले होते.

आज सकाळी शैलाताईंनी चारही रांगा एकट्या लाल डबीतून भरल्या होत्या.

दुसरं करणार तरी काय? क्रांती चौकातल्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून टाका, असं सांगितलं तेव्हा व्यंकटराव तरातरा बाहेर आले होते. "ज्या डोळ्यानं नेम धरतो त्यालाच हात लावायचा म्हणतो! वेडा आहे का?" मग शैलाताईंचं रागावून झालं, अबोला धरून झाला, मुलीला, नीरजाला, पुण्याहून फोन करायला लावून झालं. माणूस काही हटेना. आता गोळ्यांनीच साक्ष द्यावी, असं त्यांनी ठरवलं होतं. गोळी एकच असूनही भोकं विखुरली, तर दोष कुणाचा ते व्यंकटरावांना आपोआप कळेल.

रेंजची देखभाल करणारे बद्रीनाथ चारही कागद घेऊन आले. "ह्ये बगा साहेब. दुसरी रांग त्यातल्या त्यात बरी हाय."

व्यंकटरावांनी कागद नाकाशी नेले. "बरी काय म्हणतोस, उत्तम आहे! ही दोन भोकं बघ, चिकटलीत. आणि चौथी रांग म्हणजे निव्वळ फालतू माल. शैला, दुसऱ्या रांगेत कुठली गोळी होती गं?"

हीच ती वेळ होती. काय बोलायचं ते शैलाताईंनी रात्रीपासून घोकलं होतं. पण समोरचा चेहरा असा उजळला होता की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "निळी."

"वाटलंच मला!" व्यंकटरावांनी निळी डबी ओढली. झाकणावरचा कागद जसाच्या तसा चिकटलेला होता. नखानं उचकटायला गेले आणि थांबले. मग त्यांनी हिरवी उचलली, मग पिवळी. लाल तेवढी अर्धी रिकामी होती.

"नवा कागद लावून येतो," म्हणत बद्रीनाथ घाईनं निघून गेले.

"सगळ्या लालच?"

"हो."

"मग फालतू कोण ठरलं, शैला?"

"असं नका ना बोलू." शैलाताई त्यांच्याजवळ सरकल्या. "मला तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं हो. मला तुमचा नेम परत पाहिजे."

व्यंकटरावांनी पिशवीची शिवण चाचपली. मग उठून म्हणाले, "बस इथं. इतकी वर्षं मागं बसून मला शिकवतेस ना? आता तू मार."

बद्रीनाथ परत आले. "व्हय, मारा ताई. समोर कुनी नाय."

व्यंकटरावांनी स्वतः गोळी भरून दिली, खांदा नीट टेकवला, बोट कधी ठेवायचं ते सांगितलं. शैलाताईंनी सावकाश पाच गोळ्या मारल्या. शैलाताईंच्या खुर्चीत बसून व्यंकटरावांनी कागदावरची भोकं बघायच्या दुर्बिणीला डोळा लावला. नीट दिसावं म्हणून तिचं कडं फिरवलं, चष्मा काढला, पुन्हा फिरवलं.

"कुठं लागल्या हो?"

थाप मारणं सोपं होतं. बद्रीनाथांनी सांगायला तोंड उघडलं, तसं व्यंकटरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"दिसत नाही गं," ते म्हणाले. "वर्ष झालं, दुर्बिणीतूनसुद्धा दिसत नाही. तूच सांग."

शैलाताईंनी डोळे पुसले आणि पाहिलं. पाचही भोकं शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत होती. त्यांना आनंद व्हावा की वाईट वाटावं ते कळेना. "जवळजवळ आहेत सगळ्या," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणत होतोच मी." व्यंकटरावांनी रायफलीवरून मायेनं हात फिरवला. "हिचा काहीच दोष नाही."

रायफल पुसून त्यांनी तिच्या खोळीत घातली. स्कूटरपाशी आल्यावर किल्ली शैलाताईंच्या हातात ठेवली आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच ते मागं बसले, रायफल मांडीवर आडवी धरून.

"क्रांती चौकात डॉक्टरांकडं थांबव," ते म्हणाले. "आणि सांभाळून चालव. हिला धक्के सोसत नाहीत."