आधी छत

“आधी छत, मग भिंती. खालून सुरुवात केलीस तर सगळं दोनदा रंगवशील, आणि वर माझ्या नावानं बोटं मोडशील.”

आत्याचं हे बोलणं थोरलीच्या कानात घोळत होतं, आणि खांद्यावर होता जाळी काढायचा लांब झाडू. भर सकाळी तो झाडू मिरवत ती बाजाराच्या रस्त्यानं निघाली होती. शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, ताई, आज कोणावर स्वारी? रंगाच्या दुकानावर, असं तिनं आपल्या नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं. शिंप्याला ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. खुब्याचं हाड मोडून आत्या इस्पितळात पडली होती आणि रविवारी तिला घरी सोडणार होते. काही आठवडे बराच वेळ अंथरुणात जाणार, खोली स्वच्छ ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याच्या खोलीच्या छताला तर पापुद्रे सुटले होते. पंखा लावला की गादीवर चुरा पडायचा. धाकट्या भावानं त्यावर तोडगा काढला. रंगारी मोकळा नाही, तोवर आत्याला वृद्धाश्रमात ठेवू. त्याचं ‘तोवर’ थोरली चांगलं ओळखून होती. तिचं शिलाई मशीन असंच ‘तोवर’ म्हणून त्याच्या माळ्यावर गेलं होतं, ते अजून खाली उतरलं नव्हतं.

“खोली मी रंगवते,” ती म्हणाली तेव्हा धाकटा पोट धरून हसला. बरणीचं झाकण उघडायला मला हाक मारतेस आणि निघालीस छत रंगवायला, असं म्हणाला. शिडीवरून पडलीस तर एकीऐवजी दोघींचं करावं लागेल, हेही वर ऐकवलं. थोरली त्याच्याशी वाद घालत बसली नाही. इस्पितळात जाऊन आत्याच्या उशाशी वाकली आणि म्हणाली, “रविवारी तू तुझ्याच खोलीत झोपशील. शब्द देते.” स्वतःच्या आजारपणातसुद्धा रोजच्या पूजेचा नेम न मोडणाऱ्या थोरलीचा शब्द होता तो. आत्यानं समाधानानं डोळे मिटले आणि तसंच पडल्या पडल्या सूचना द्यायला सुरुवात केली. इतकी वर्षं घर तिनंच रंगवलं होतं.

दुकानदारानं थोरलीला बघताच एक चकचकीत खोका पुढे सरकवला. घरच्या घरी रंगवणाऱ्या बायकांसाठी खास संच, सगळं आत आहे, काही बघायला नको. थोरलीनं खोका उघडून सगळं बघितलं. रोलर मऊ, गुबगुबीत, मांजराच्या पिल्लासारखा. हा छतावर फिरवला तर निम्मा रंग माझ्याच डोक्यावर, आखूड केसांचा दाखवा, ती म्हणाली. मग ब्रश उलटसुलट करून तिनं बोटांनी ओढला. तळहातावर केसांचा पुंजका आला. तो तिनं शांतपणे गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाली, याचे केस तर माझ्यापेक्षा जास्त गळतात.

दुकानदार जरा सरसावून बसला. मग त्यानं रंग फवारायचं यंत्र काढलं. बटण दाबलं की काम तमाम, हाताला त्रास नाही.

“सुटलेले पापुद्रे खरवडतं का हे?”

ते काम त्याचं नाही, असं तो म्हणाला.

“मग हे माझ्या कामाचं नाही.”

तिला हवी होती लांब दांड्यावर बसणारी खरवडायची पट्टी, म्हणजे शिडीचं नावच नको. पट्टी मिळाली. दांडाही मिळाला, पण रोलर त्यावर बसवल्यावर डुगडुगत होता. तिनं दुसरा मागितला, मग तिसरा. तिसरा घट्ट बसला. तो तिनं झाडूशेजारी उभा धरला. झाडू टाचा न उचलता घरच्या छताला पोचायचा, दांडा त्याच्या बरोबरीचा भरला. मग तिनं दांडा दोन्ही हातांनी उचलून दुकानाच्या छतावर पुढेमागे फिरवून बघितला. वर्षानुवर्षांची जळमटं दुकानदाराच्या डोक्यावर उतरली.

“ताई, हे घरी जाऊन बघा की.”

“घरी बघितलं आणि वाकला, तर परत तुमच्याकडेच यायचं. इथं बघितला तर तुमचं छत तरी साफ होतंय.”

मागे उभं असलेलं गिऱ्हाईक खुदकन हसलं. दुकानदारानं डोकं झटकलं. भेगा भरायला पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग आणि डोळ्यांवर घालायचा बंद चष्मा त्यानं बांधून दिला. एक चांगला ब्रश मात्र आतून स्वतःहून आणला.

घरी धाकटा आत्याच्या खोलीत उभा होता. वृद्धाश्रमाशी बोलणं झालंय, उद्या कळवायचंय, म्हणाला. मग सामानाकडे बघून जरा नरमला. रंगवायचंच असेल तर समोरच्या भिंतीला हात फिरव, हौस भागेल. छत कोण बघतं?

थोरलीनं पलंगाकडे बोट दाखवलं. “आडवा हो.”

“काहीतरीच काय, ताई.”

“आडवा हो म्हणतेय ना.”

तिचा आवाज चढला नव्हता. तरी तो आडवा झाला. ती भिंतीपाशी गेली आणि पंखा लावला. धाकटा पाठीवर पडून वर बघत राहिला. वर छताशिवाय बघायला काहीच नव्हतं. थोड्या वेळानं एक पापुद्रा भिरभिरत आला आणि त्याच्या ओठावर बसला. तो थू थू करत उठला.

“नाहीच जमलं तुला तर?” शर्ट झटकत त्यानं विचारलं, पण आता हसत नव्हता.

“तर ती माझ्या पलंगावर झोपेल, मी इथं चुरा खात झोपेन. पण ती या घराबाहेर जायची नाही. तसं कळव त्यांना.”

धाकटा दारात घुटमळला. रविवारी गाडी किती वाजता आणू, एवढंच त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. आणि येताना मशीन आण माळ्यावरचं, असंही सांगितलं.

तो गेल्यावर तिनं पंखा बंद केला, पलंग ओढून बाहेर काढला, फरशीवर जुन्या चादरी अंथरल्या. डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मधोमध चीर पाडून ते ब्रशच्या दांडीत अडकवलं. वरून ओघळणारा रंग मनगटावर न येता झाकणात पडावा, ही आत्याचीच युक्ती. डोक्याला फडकं बांधलं, चष्मा चढवला. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

मग दांड्याला पट्टी बसवून तिनं वर बघितलं, आणि जिथं आत्याची उशी असायची, बरोबर त्याच्या वरचा पापुद्रा आधी खरवडायला घेतला.