मुक्कामाचा दगड

भागू खोटारडा आहे, हे मी विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या समितीला तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, पुरावा द्या.

विक्रम काय होता ते सांगते. मुंबईहून शिडाच्या बोटीने निघायचं, मॉरिशसला वळसा घालून परत यायचं, एकट्याने आणि कुठेही न थांबता. जमिनीला पाय लागला की सगळं बाद. भागूने हे एकोणपन्नास दिवसांत केलं म्हणे. मला पंचावन्न लागले, कारण माझं सुकाणू मोडलं तेव्हा मी सहा दिवस भर समुद्रात बोटीमागे लोंबकळत ते बांधलं. भागूचंही मोडलं होतं. नेमकं त्याच सुमारास बोटीचा ठावठिकाणा कळवणारं त्याचं यंत्र चार दिवस बंद पडलं, आणि चालू झालं तेव्हा सुकाणू ठणठणीत! समितीतल्या शहाण्यांना यात काहीच वावगं दिसलं नाही. त्याचा विक्रम बाद झाला तर तो माझ्या नावावर लागणार होता, म्हणून माझी तक्रार म्हणजे जळफळाट ठरली.

मी डिंभ्याची. धरणावर बापाच्या होडीत वाढले, मग नौदलात गेले. भागू तिथेच भेटला. आमच्याच तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला, एके काळी मला बहीण म्हणणारा. समितीपुढची शेवटची सुनावणी सोमवारी होती. शनिवारी सकाळी मी घोडेगावला एसटीतून उतरले आणि न कळवता त्याच्या वस्तीवर गेले.

भागू अंगणातच होता. त्याने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. "कशाला आलीस?" एवढंच म्हणाला. त्याची आई साळुबाई मात्र मेंढ्यांना पाला टाकायचं सोडून आल्या. माझं-त्याचं भांडण त्यांच्या कानावर नव्हतं. मुलाच्या नोकरीतली पोरगी, तीही समुद्र बघून आलेली, म्हणून त्यांनी तांब्या दिला आणि देव दाखवायला नेलं. भागू मागून आलाच.

बांधाच्या कडेला बिरोबाचं लहानसं ठाणं होतं. त्याच्या शेजारी साध्या दगडांची रांग. त्यांच्या घरात मेंढरं घेऊन फिरताना वर्षातला सगळ्यांत लांबचा मुक्काम जिथे पडेल, तिथला दगड देवाला आणून ठेवायची रीत होती. हा सासऱ्यांचा, हा नवऱ्याचा, असं त्या सांगत होत्या. रांगेच्या टोकाला एक पांढराफटक, भोकाभोकांचा दगड होता. असला दगड पोवळ्याच्या बेटांवर मिळतो. आमच्या डोंगरात जन्मभर शोधला तरी सापडायचा नाही.

"ह्यो भागूचा," साळुबाई म्हणाल्या. "चार दिस मुक्काम पडला व्हता त्याचा, समुद्रातल्या बेटावर."

थांबायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या घरात मुक्काम ही देवाला सांगायची गोष्ट होती. भागूने सगळ्या जगाला गंडवलं आणि दगड मात्र न विसरता आणला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू. मी त्यांना नियम सांगितला, सगळाच्या सगळा, आणि कुठेच थांबलो नाही असं भागूने समितीला सांगितलंय तेही, काही न गाळता.

भागूचा चेहरा उतरला. पण तो लगेच सावरला. हा दगड मुंबईच्या बंदरावरचा आहे, आईला काही कळत नाही, असं म्हणाला.

साळुबाई त्याच्याकडे वळल्या. "त्या लोकांला एक सांगितलंस, देवाला एक. कोन्तं खोटं हाय?"

मला वाटलं, आता तरी हा माणसासारखा वागेल.

"देवाला सांगितलं ते," तो म्हणाला.

दगड काही सुनावणीला बोलणार नव्हता. मी पिशवी उचलली.

"थांब बाय," साळुबाई म्हणाल्या. "कागुद हाय का? लिव. माझ्या पोरानं बेटावर चार दिस मुक्काम केला, त्यानं सोताच्या तोंडानं मला सांगितलं. मी अंगठा देते."

भागूने त्यांचा हात धरला. नोकरी जाईल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं काहीबाही बोलत राहिला. साळुबाईंनी हात सोडवून घेतला.

"त्यो दगड माझ्या सासऱ्याच्या दगडाशेजारी बसलाय. त्याला खोटा म्हनू द्यायची न्हाई मी."

मी भराभरा लिहिलं आणि वाचून दाखवलं. मला दया आली, असं मी सांगणार नाही. भागू बांधावर उकिडवा बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. शाई नव्हती, म्हणून मी साळुबाईंचा अंगठा धरला आणि बॉलपेनने गिरवून निळा केला. त्यांनी तो कागदावर टेकवला तेव्हा ठसा पुसट येऊ नये म्हणून मी वरून माझा हात दाबला.