नव्या खोक्यातलं जुनं मॉडेल

नरसिंगची नोकरी बघून घरच्यांनी होकार दिला. शिवकन्येने दिला तो, हा माणूस आपलं ऐकून घेतो म्हणून. साखरपुड्यानंतर लातूरहून त्याचा रोज फोन यायचा. एकदा त्याने विचारलं, "कानपिळीला गोलूला काय देऊ?"

गोलू तिचा धाकटा भाऊ, नांदेडला कॉलेजात. हातात धरून खेळायच्या एकाच जुन्या गेमिंग कन्सोलवरून दोघं भावंडं चार वर्षं भांडत आली होती. तिच्या तोंडून तेच निघालं.

"पण नवं मॉडेल घ्या बरं का," तिने बजावलं. "जुन्याच्या पडद्याभोवती जाड काळी पट्टी हाय. नव्याचा पडदा पार कडेपर्यंत. अन् मागचा स्टँड बघा. जुन्याचा बोटाएवढा, एका कोपऱ्यात, जरा धक्का लागला की कन्सोल आडवा. नव्याचा पाठभर रुंद हाय."

"अजून काय फरक हाय?" त्याने विचारलं. तिच्या असल्या बडबडीला घरात कुणी भीक घातली नव्हती. बाई हुरळूनच गेली.

लग्न नायगावच्या मंगल कार्यालयात होतं. सप्तपदीच्या आधी कानपिळी झाली. गोलूने नवरदेवाचा कान असा पिळला, की मांडवात हशा पिकला. नरसिंगने झोकात खोकं पुढे केलं. वर नव्या मॉडेलचा फोटो होता.

"उघड की लेका!" पाव्हणे ओरडले.

गोलूने उघडलं. मुंडावळ्यांच्या आडूनही शिवकन्येला पडद्याभोवतीची जाड काळी पट्टी दिसली. गोलूने कन्सोल उलटा केला, नखाने स्टँड उचलला. बोटाएवढा, एका कोपऱ्यात.

जुनं द्यायचं तर सांगून द्यावं, कुणी हट्ट धरला नव्हता. पण नव्या खोक्यात जुनं घालून चार पाव्हण्यांत मिरवायचं? वरून कीर्तन, आतून तमाशा!

"हे जुनं हाय," ती पुटपुटली.

नरसिंग फोटोवाल्याकडे बघून हसतच होता. तसाच हळू आवाजात तिला म्हणाला, "तुला कळणार, हे माहीत होतं मला. तूच तर शिकवलंस. पण तू इथं बोलणार न्हाईस, हेबी माहीत होतं."

म्हणजे त्याने ऐकलं होतं. अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

सप्तपदी व्हायची होती. अजून उठता येत होतं. तिने तोंड उघडलं, तोच गोलू मोठ्याने म्हणाला, "लई भारी हाय, दाजी! एकदम नवं मॉडेल!" टाळ्या पडल्या. आईने कौतुकाने डोळे पुसले.

चार वर्षं हा काय डोळे मिटून खेळला? त्या गाढवाचा शिवकन्येला इतका संताप आला, की त्या भरात सात पावलं कधी पडली तेही तिला उमगलं नाही.

निघताना गोलूने घरचा जुना कन्सोल तिच्या पिशवीत कोंबला. "आक्का, ह्यो तुला राहू दे. मला एकसारखे दोन काय करायचे?"

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. "भर मांडवात तुझं लग्न मोडलं असतं, आक्का," तो म्हणाला.

तिने त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. आई जवळच्या बायांना म्हणाली, "रडू द्या, सासरी निघालंय लेकरू. पण जावई लई हौशी भेटला बघा."