इतर कारणासाठी एक तास

आमच्या विद्यापीठाच्या बहुउद्देशीय क्रीडागृहाला उद्देश पुष्कळ आहेत. तिथे परीक्षा होतात, पदवीदान होतं, मतमोजणी होते, एकदा कुत्र्यांचं प्रदर्शनही झालं. आरक्षणाच्या अर्जात ‘प्रयोजन’ या रकान्यापुढे तेरा पर्याय आहेत. त्यांत खेळ नाही. खेळायचं असेल तर ‘इतर’वर खूण करायची.

हे अर्ज एकोणीस वर्षं माझी बायको सांभाळते. जागा रिकामी नाही, असं लोकांना सांगणं हे तिचं मुख्य काम.

त्याच लाकडी जमिनीवर कॉलेजात असताना ती आणि तिची ताई बॅडमिंटन खेळायच्या. शेवटच्या वर्षी एकेरीच्या अंतिम सामन्यात दोघी बहिणी समोरासमोर आल्या, आणि त्याच आठवड्यात हॉल मतमोजणीला गेला. सामना पुढे ढकलला. मग फेरमोजणी निघाली, तोवर ताईंचं लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या. निवडून आलेले गृहस्थ दोनदा मंत्री होऊन निवृत्त झाले. सामना अजून पुढे ढकललेलाच आहे.

यंदा ताईंचा फोन आला. मंगळवारी त्यांचा गुडघा बदलायचा होता.

“डॉक्टर म्हणतो, चालाल मस्त, पण उड्या विसरा. शनिवारी येते. एकच गेम खेळू.”

“आमच्या कॉलनीच्या बागेत खेळा की,” मी सुचवलं.

“जावईबापू, तुम्ही चहा टाका,” ताई फोनवरून म्हणाल्या.

बायकोने स्वतःच्या नावाचा अर्ज भरला: प्रयोजन इतर, शनिवार चार ते पाच. मग टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मंजूर केला. शुक्रवारी वरून चिठ्ठी आली. शनिवारी पाच वाजता पाहुण्यांचा सत्कार. चारपासून कार्पेट घालणे. लोकांना सांगते त्याच आवाजात तिने मला सांगितलं, “जागा रिकामी नाही.” आणि भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

शनिवारी तरीही आम्ही गेलो. ताईंच्या गुडघ्याला पट्टा, बायकोच्या पायात जुने खेळाचे बूट. मला पंच म्हणून नेलं. खेळात माझी पात्रता तेवढीच.

कार्पेटवाल्यांचा मुकादम दारात गुंडाळीवर बसला होता. त्याने रॅकेटी पाहिल्या.

“मॅडम, पाचच्या आत घालून व्हायला पाहिजे.”

“माहितीय. तुमच्या कामाच्या चिठ्ठीवर सही माझीच आहे.”

“कुठून सुरू करायचं ते लिहिलेलं नाही त्यात. एरवी स्टेजकडून करतो. आज दारापासून करू. माणसंही दोन कमी आहेत.”

माणसं सगळी होती. मी मोजली.

नेट मतपेट्यांमागे सापडलं. स्टेजजवळच्या कोर्टावर खेळ सुरू झाला. पहिले चार गुण दोघी हसत खेळल्या, मग हसणं थांबलं. ताई पळत नव्हत्या, बायकोला पळवत होत्या.

“बॅकहँड अजून कच्चाच का गं तुझा?”

“तू तुझा गुडघा बघ.”

बायको मात्र एकही शटल नेटजवळ अलगद टाकत नव्हती. ताईंच्या ते लक्षात आलं.

“दया करतेस?”

“खेळ गं.”

पुढचं शटल नेटजवळच पडलं. ताईंनी ते कण्हत उचललं आणि गुण घेतला.

मागून लाल कार्पेट उलगडत येत होतं. सतरा-सतराला ते मागच्या रेषेला टेकलं. मुकादम उकिडवा बसून चिकटपट्टी लावू लागला, इतकी सावकाश की पट्टीलाही कंटाळा यावा. तेवढ्यात कुलसचिव खुर्च्या घेऊन आले.

“मॅडम, हे काय चाललंय?”

“इतर,” ती म्हणाली.

ते बाजूला झाले नाहीत. सर्व्हिस बायकोची होती. तिने शटल मुठीत धरून ठेवलं.

“राहू दे गं,” ताई म्हणाल्या. “आजवर राहिलंच ना.”

सत्कार वेळेवर सुरू झाला. पाहुणे खेळाच्या महत्त्वावर बोलले. ताईंनी आपली खुर्ची रांगेतून ओढून भलतीकडेच मांडली होती. बायकोने दारात उभं राहून लोकांना बसवायचं, तर ती मधल्या वाटेत उभी. मला आधी काही कळेना. मग कार्पेटखालच्या रेषा मनातल्या मनात आखून पाहिल्या. सतरा विषम, म्हणजे सर्व्हिस डाव्या बाजूने. ती नेमकी तिथे उभी होती, आणि ताई समोर तिरक्या, सर्व्हिस घेणाऱ्याच्या जागी. तिची मूठ अजून मिटलेलीच होती.

पंच म्हणून मीही खेळ संपल्याचं अद्याप जाहीर केलेलं नाही.