उलटा फिरणारा पाळणा

खैरवाडीच्या जत्रेत पाळणा सकाळपासून उभा होता. त्याच्याभोवती सगळं गाव उभं होतं, पण त्यात बसायला कोणी तयार नव्हतं.

मनकर्णा खैराईच्या देवळाच्या पायरीवर बसली होती. मांडीवर चार महिन्यांची चिमी, शेजारी पत्र्याची पेटी. पेटी तिने पहाटेच भरून ठेवली होती. संध्याकाळची नगरची एस.टी. पकडायची, भिंगारला नवऱ्याकडे पोचायचं आणि उद्या सकाळी हायस्कुलात विज्ञानाच्या बाई म्हणून हजर व्हायचं, एवढंच होतं. बी.एस्सी. झाल्यापासून ही पहिली जागा मिळत होती, तीही मधेच कोणी सोडून गेलं म्हणून. उद्या आली नाही तर दुसरी बाई घेतील, असं नवऱ्याने निरोपात स्पष्ट कळवलं होतं.

आणि आता सगळं त्या पाळण्यावर अडलं होतं.

खैरवाडीत माहेरी बाळंत झालेल्या मुलीचं मूल गावाची शीव ओलांडण्याआधी माघी पुनवेच्या जत्रेत पाळण्यात बसायचं. मामाने मांडीवर घ्यायचं आणि मधे न थांबता एक पुरा फेरा करायचा. देवीच्या डाव्या हाताने वर जायचं, उजव्या हाताने खाली यायचं. तो झाला की मूल देवीने पाहिलं, आता न्यायला हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी पाण्याची टंचाई म्हणून पंचांनी जत्रा नुसत्या पालखीवर भागवली होती. पाळणा आलाच नाही. मनकर्णा तिचा पहिला मुलगा घेऊन तशीच भिंगारला गेली. पावसाळ्यात तो घटसर्पाने गेला. तो का गेला हे मनकर्णाला माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुस्तकातही होतं. तिची आई राहीबाई हिलाही तो का गेला ते माहीत होतं. दोघींनी त्याविषयी एकमेकींशी कधी वाद घातला नाही. पण आज सकाळी राहीबाई पेटीकडे बघून एवढंच म्हणाली होती, "फेरा झाल्याबिगर पोरीला न्यायची न्हाई. तुला जायाचं तर तू जा." चार महिन्यांचं अंगावर पिणारं मूल ठेवून कशी जाणार, हे दोघींनाही कळत होतं.

यंदा पाळणा आला होता. पण तो शेवगावच्या सूर्यभानचा नव्हता. सूर्यभानच्या लाकडी पाळण्याच्या आसाला चीर गेली, तेवढ्या जाडीचं लाकूड मिळेना, म्हणून त्याने पाळणा कायमचा बंद केला. त्याच्या जागी बार्शीचा गोरक्ष नावाचा तरुण लोखंडी पाळणा घेऊन आला. सूर्यभानचा पाळणा माणसं हाताने फिरवत, याला तेलाचं इंजिन होतं. विहिरीवर असतं तसलंच इंजिन, त्यावरून पाळण्याच्या चाकाला रुंद पट्टा. सकाळी त्याने ते सुरू केलं, पहिलं खोकं हललं आणि देवळाच्या ओट्यावरून म्हातारी भामाबाई ओरडली, "अरं, ह्यो तर उलटा फिरतुया!"

खरंच, खोकी देवीच्या उजव्या हाताने वर जात होती आणि डाव्या हाताने खाली येत होती. बसलेली माणसं भराभर उतरली. एक पोरगं तर पैसे परत न घेताच पळालं.

"आजी, गोल फिरणाऱ्याला उलटं-सुलटं काय असतंय?" गोरक्ष काकुळतीला आला होता. "बार्शीत फिरला, करमाळ्यात फिरला. कुणी एका शब्दानं बोललं न्हाई."

"मयताभवती फिरत्यात तसा फिरतुया," भामाबाई म्हणाली. "करमाळ्याच्या लोकांचं आमाला काय सांगतो?"

तेव्हापासून गाव बोलत होतं. सगळ्यात जास्त बोलत होता मनकर्णाचा थोरला भाऊ गहिनीनाथ आणि त्याचे दोन मित्र, छगन शिंपी आणि सहादू. या तिघांना जत्रांचं वेड होतं. देवाचं नव्हे, पाळण्यांचं. सुगी अर्धी टाकून ते सायकलींवर जत्रा गाठायचे. कोणत्या पाळण्याला किती खोकी, कुठला घोड्यांचा चक्री पाळणा कुरकुरतो, फटफटीवाला कुठल्या लाकडी विहिरीत हात सोडून फिरतो, हे त्यांना तोंडपाठ असायचं. घरची बैलं आजारी पडली तर इतकं बोलले नसते.

"सूर्यभानचा पाळणा बंद म्हंजी या जत्रंत राहिलं काय?" गहिनीनाथ इंजिनाकडे पाठ करून सांगत होता. "माणसं आऱ्यांवर चढून फिरवायची. वरून खाली येताना पोटात कसा गोळा यायचा! यात काय? डबा नुसता वर जातो आन् खाली येतो. दळणाला बसल्यावानी. ज्याला माणसाचा हात लागत न्हाई, त्या पाळण्यात मी बसणार न्हाई. देवीम्होरं शपथ घेतलीय."

"आरशांचा तंबूबी बंद झाला," सहादू म्हणाला. "मी जाड्या दिसायचो त्यात. तेवढंच सुख."

"पन गड्ड्यावर यंदा विमानं आली व्हती," छगनचे डोळे लकाकले. सोलापूरची गड्ड्याची जत्रा मागच्याच महिन्यात झाली होती. "पत्र्याची. साखळीला टांगलेली. फिरत्यात आन् फिरता फिरता भाईर फेकत्यात."

"भाईर फेकत्यात तर माणूस पडत कसा न्हाई?"

"त्येच तर! बसल्याबिगर न्हाई कळायचं."

"दादा," मनकर्णा पायरीवरून म्हणाली. दुपार कलली होती, हे बोलणं तिने तिसऱ्यांदा ऐकलं होतं. "याचं काय करणार आहात?"

"इचार चाललाय न्हवं."

विचार कसला, तर सूर्यभानचा मोडका पाळणा शेवगावाहून बैलगाडीतून आणायचा. तो उद्या रात्रीपर्यंत पोचला असता. मग इंजिन उपटून पलीकडे बसवायचं ठरलं, पण गोरक्षने ते लाकडाच्या ओंडक्यांवर बोल्टांनी आवळलं होतं आणि मोठा पाना करमाळ्यालाच राहिला होता. शेवटी गहिनीनाथने पट्टा काढायला लावला आणि तिघं मित्र आऱ्यांना लोंबकळले. हा पाळणा सूर्यभानच्या पाळण्यासारखा फिरवून दाखवायचा होता. लोखंड हातभर हललं आणि परत जागेवर आलं. छगनचं धोतर एका बोल्टात अडकून फाटलं. शिंप्याचं धोतर फाटलेलं बघून जत्रा पहिल्यांदा हसली.

मनकर्णा चिमीला घेऊन उठली आणि आईकडे गेली. राहीबाई देवळाच्या दारात परडी घेऊन बसली होती.

"आई, रस्त्याच्या बाजूला जाऊन बघ. तिकडून हाच पाळणा सुलटा फिरताना दिसतो. पाळणा तोच आहे, फक्त आपण कुठून बघतो त्यावर ते ठरतं."

राहीबाईने मान वर केली. "देवी काय रस्त्यावर बसलीय?"

दिशा ठरायला बघणारा ठरावा लागतो, हे मनकर्णा स्वतःच कॉलेजात शिकली होती. इथे बघणारी गाभाऱ्यात बसली होती आणि ती हलणार नव्हती.

ती परत पाळण्याजवळ आली. पट्टा जमिनीवर पडला होता. तिने तो नीट पाहिला, मग इंजिनाचं चाक, मग पाळण्याचं. इतकं सोपं होतं की आधी का दिसलं नाही याचाच तिला राग आला.

"दादा, पट्टा सरळ घालू नका. एक पीळ देऊन घाला, मधे फुली पडेल असा. इंजिन आहे तसंच फिरेल, पाळणा उलट दिशेने फिरेल."

"पट्टा पिळला तर तुटंल ताई," छगन धोतर धरून म्हणाला.

"नाही तुटणार. फुलीपाशी थोडा घासेल."

"मने, ही काय शाळा न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "इंजिनाचं काम हाय. तू पोरीला सावलीत घे." मग मित्रांकडे वळून, "तर छगन, त्या विमानाला पंखं व्हती का?"

मनकर्णाची कानशिलं तापली. तिथेच उभं राहून मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण चिमी नुकतीच झोपली होती. ती सावलीत गेली. सावली आता देवळाच्या ओट्यावरून उतरून पाळण्याच्या खांबापर्यंत पोचली होती. फाट्यावर गाडी यायला फार वेळ उरला नव्हता. विमानांना पंख होते आणि ते निळे होते, हे तिला सावलीतूनही ऐकू आलं.

थोड्या वेळाने गहिनीनाथ बोलता बोलता थांबला. त्याने इंजिनाकडे पाहिलं. पागोटं सरकवून डोकं खाजवलं.

"ए गोरक्ष," तो म्हणाला. "पट्ट्याला पीळ दिला तर?"

गोरक्षने जमिनीवरचा पट्टा उचलून पाहिला.

"आयला!" सहादू म्हणाला.

"लई डोस्कं हाय गड्याला," छगन म्हणाला. "उगं न्हाई एवढ्या जत्रा केल्या."

मनकर्णाने डोळे मिटले आणि उघडले. मी म्हटलं होतं, असं सांगत बसले तर त्यावर वाद होणार आणि वाद संपेपर्यंत गाडी नगरला पोचणार. ती जवळ गेली. "इंजिन पुढे घ्यावं लागेल. पीळ दिला की पट्टा आखूड पडतो."

"त्ये मला कळतं गं."

त्यांनी पीळ दिला. पट्टा आखूड पडला. चौघांनी ताणला, शिव्या घातल्या, पट्टा करणाऱ्याची आई-बहीण काढली.

"इंजिन वाईच फुडं घ्या," गहिनीनाथ म्हणाला. "माझ्या ध्यानात आलंच व्हतं."

ओंडक्यांसकट इंजिन पहारीने वीतभर पुढे सरकवलं. गोरक्षने हँडल मारलं. इंजिन धापा टाकत सुरू झालं, पट्टा फुलीपाशी फटफटला आणि रिकामी खोकी देवीच्या डाव्या हाताने हळूहळू वर निघाली. भामाबाईने ओट्यावरून बराच वेळ बघितलं. चूक सापडेना तेव्हा ती म्हणाली, "आता बरा हाय."

राहीबाई उठली. तिने चिमीच्या कपाळाला भंडारा लावला, तिला नव्या दुपट्यात गुंडाळलं आणि गहिनीनाथपुढे धरलं.

गहिनीनाथ मागे सरला. "आई, माझी शपथ हाय. सगळ्यांनी ऐकलीय."

"आमी काय ऐकली न्हाई," सहादू म्हणाला.

"मी तर धोतर बघत व्हतो," छगन म्हणाला.

"दादा," मनकर्णा म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला आणि बाजूची माणसं वळून बघू लागली. "सकाळपासून मी गप्प बसलेय. तुझी विमानं ऐकली, आरसे ऐकले, घोडे ऐकले. चिमीला दुसरा मामा नाही. बस त्या खोक्यात!"

गहिनीनाथ बसला. चिमीला त्याने छातीशी असं आवळून धरलं की ती जागी होऊन त्याच्या मिशांकडे बघू लागली. गोरक्षने आडवी कांब लावली. खोकं हललं.

ते निम्म्यावर गेलं, तिथून वर गेलं. अगदी माथ्याजवळ पट्टा चीं करून सरकला. इंजिन धावत राहिलं, पण पाळणा मंद झाला. माथ्यावर खोकं जवळजवळ थांबलंच. मधे थांबला तर फेरा फुकट, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मनकर्णा पट्ट्याकडे बघत होती. नवा पीळ, चाकावरची धूळ, पकड सुटली, एवढंच, हे तिला कळत होतं. पण वर खोक्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"राळ टाका," ती म्हणाली. गोरक्षच्या हातात पट्टा घसरू नये म्हणून टाकायची राळेची पूड आधीच होती. त्याने ती पट्ट्यावर फेकली. पट्ट्याने चाक धरलं, खोकं थरथरलं आणि देवीच्या उजव्या हाताने खाली येऊ लागलं.

राहीबाईने हात जोडले नाहीत. ती खोक्यापर्यंत चालत गेली, चिमीला उचललं आणि मनकर्णाच्या हातात दिलं. देताना तिने मनकर्णाचं मनगट धरलं आणि थोडा वेळ सोडलं नाही.

"जा आता," ती म्हणाली. "गाडी चुकंल."

मागे गहिनीनाथभोवती कोंडाळं झालं होतं.

"कसा हाय?"

"आवाज लई करतो," गहिनीनाथ गंभीरपणे म्हणाला. "पन वर गेल्यावर पार मिरजगावची झाडं दिसत्यात. सूर्यभानच्या पाळण्यातनं न्हवती दिसत." मग जरा थांबून, "म्या डोळे मिटले व्हते निम्मा येळ. आनिक एकदा बसल्याबिगर नीट सांगता यायचं न्हाई."

"शपथ?"

"शपथ एका फेऱ्याची व्हती."

पेटी छगनने फाट्यापर्यंत आणली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात धोतराची फाटलेली बाजू, आणि तोंडाने वाटभर विमानांची माहिती. विमानं माणसाला बाहेर का फेकतात हे मनकर्णाने त्याला एका वाक्यात सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बसल्याबिगर न्हाई कळायचं, ताई."

गाडी आली. कंडक्टरने पेटी टपावर टाकायला लावली. मनकर्णाला खिडकीजवळ जागा मिळाली. सकाळपासून पहिल्यांदा ती पाठ टेकून बसली. चिमी मांडीवर टक्क जागी होती, कपाळावरचा भंडारा नाकावर उतरला होता. उद्याच्या पहिल्या तासाला काय शिकवायचं, याचा ती विचार करू लागली.

फाट्यापुढे रस्ता वळतो आणि पाळण्याच्या मागच्या अंगाने जातो. गाडी वळली आणि शेताडीपलीकडे जत्रा दिसली. पाळणा माणसांनी भरला होता. इंजिनाचा आवाज इथवर येत होता. या बाजूने बघताना खोकी सकाळसारखीच उलटी, उजवीकडून वर चढत होती आणि डावीकडून खाली येत होती.

असं होणारच. तिनेच तर दुपारी आईला समजावून सांगितलं होतं. पाळणा तोच, बघणारा फक्त दुसरीकडे.

चिमीने मान वळवली. तिला ते फिरणारं काहीतरी दिसलं असावं, ती हात हलवू लागली. मनकर्णाने पदर ओढून तिचा चेहरा झाकला आणि गाडी वळणाबाहेर पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.