उस्ता वहबाच्या गाठी

चौथ्या मजल्यावर परांचीच्या फळीवर मांजर झोपलं आहे. त्याला कुणी पट्टा लावायला सांगत नाही.

दहा वाजता पाव, बाकल्याची उसळ आणि कच्चा कांदा. वहबा कांदा बुक्कीने फोडायचा. हल्ली तो माझ्याकडे सरकवतो.

फाटकाजवळ नवा फलक : अपघाताविना ४१ दिवस. आकडा खडूचा आहे.

आमच्या सोहाग जिल्ह्याकडच्या माणसांत एकाने मारलेली गाठ दुसरा सोडत नाही. परांची ज्याने बांधली त्यानेच उतरवायची. दुसऱ्याने हात लावला तर ते बांधणाऱ्याच्या बापाला शिवी दिल्यासारखं होतं.

मी रोज दुपारी वहबाच्या गाठी सोडतो.

सगळे जेवून सावलीत आडवे झाले की मी वर जातो. वासा आणि आडवा बांबू जिथे मिळतात तिथे काथ्याच्या दोराचे सात वेढे असतात. वेढे बरोबर असतात, मोजून सात. पण शेवटचा ताण नसतो. तो ताण बोटांनी द्यायचा असतो आणि वहबाच्या बोटांची पेरं सुजून लिंबाएवढी झाली आहेत. मी गाठ सोडतो, गुडघा टेकवून ओढतो, पुन्हा बांधतो. वीस-बावीस गाठी होतात. मग जेवणाची सुट्टी संपते आणि मी न जेवता माझ्या वाटणीचं काम सुरू करतो. ईदपासून हे असं चाललंय. रात्री खांदे उशीवर टेकत नाहीत.

वहबा आमचा उस्ता, टोळीचा मुख्य कारागीर. सव्वीस वर्षं मी त्याच्या हाताखाली अलेक्झांड्रियातल्या जुन्या इमारतींना परांच्या बांधल्या. दोन वर्षांनी त्याच्या धाकटीचं लग्न आहे, तोवर मजुरी हवी. सांगायचं कुणाला?

मग पट्टे आले.

नर्मीन नावाच्या इंजिनीअर बाईंनी ते आणले, चांगले होते. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला हूक, हूक परांचीच्या बांबूला.

"सगळ्यांनी हूक लावला ना?" बाई खालून ओरडायच्या.

"लावला, बाई!" जमील गवंडी वरून ओरडायचा. त्याचं वजन नव्वद किलोच्या पुढे. "हा पट्टा म्हणजे माझी सासूच. मागून धरून ठेवते, पण एक घास विचारत नाही."

आधी जमील एका हाताने गिलावा करायचा आणि दुसऱ्या हाताने खिडकीची जाळी धरायचा. पट्टा आल्यावर तो दोन्ही हातांनी काम करू लागला. मग पट्ट्यावर भार टाकून मागे रेलून, डोळे बारीक करून, आपलं काम न्याहाळू लागला. सगळेच रेलू लागले. हूक बांबूवर, बांबू गाठीवर. मी बावीसच्या चाळीस गाठी करायला लागलो. तरी पुऱ्या पडेनात.

मंगळवारी सहाव्या मजल्यावर जमील रेलला आणि बांबू वीतभर खाली घसरला.

एवढंच. वीतभर. फळी तिरपी झाली, घमेलं गेलं, खाली आपटलं. जमीलने जाळी पकडली होती. बराच वेळ त्याने ती सोडली नाही.

"कुणाची गाठ आहे ही?" तो किंचाळला. "कुठल्या गाढवाची?"

वहबा शिडीवर होता. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "माझी."

"खोटं बोलू नकोस, सब्री," वहबा म्हणाला. "तुझी गाठ घसरत नाही."

तो फळीवर आला, धापा टाकत बसला. त्याने दोराचं टोक धरून एकदा ओढलं. सातही वेढे सुटून त्याच्या मांडीवर पडले. सगळ्यांनी पाहिलं.

"तू दुपारी वर येतोस ते मला माहीत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मी जागाच असतो."

"मग बोलला का नाहीस, उस्ता?"

"तू का नाही बोललास?"

मी त्याच्या मांडीवरचा दोर उचलून गुंडाळला. 

"तू खाली जा," मी म्हणालो.

"खाली जाऊन काय करू? लिंबं विकू?"

"वीक. मी घेईन."

तो हसला नाही. त्याने जमीलला खाली पाठवलं, मग बाकीच्यांना. "एकानेही वर थांबायचं नाही. गाठी माझ्या आहेत, मीच सोडणार." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं एकेक सांधा करत खाली उतरलो. आधी मी दुसरा दोर वळवून बांबू धरून ठेवायचा, मग त्याने आपली गाठ सोडायची, मग मी नवी मारायची. काही सुटेनात. त्या माझ्याच होत्या, त्या त्याने तशाच ठेवल्या.

खाली बाई उभ्या होत्या. "काम का थांबलंय?"

"थांबलंय," वहबा म्हणाला आणि नळाखाली हात धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. बाईंनी मला उस्ता म्हणून हाक मारली. मी वर गेलो.

रमजानच्या आधी, पट्टे यायच्याही आधी, वहबाने बोटं चालत नाहीत म्हणून कंत्राटदाराकडे खालचं, जमिनीवरचं काम मागितलं होतं, फळ्या निवडायचं. कंत्राटदार नाही म्हणाला होता.