कोठीतला हिरवा उजेड

बस बापा, बीबी गावच्या गोजरबाईची गोष्ट सांगतो.

गोजरबाईनं पोरीच्या थैलीतून बारकी शिशी काढली, मागंपुढं पाह्यलं अन् पांढरी भुकटी चिमटीत घेतली. पोरगी वंदना देऊळगाव राजावरून आलती, म्हंजे तिथल्या बालाजीचा आंगाराच असन. खोबरेल तेलात कालवून तिनं तो चोळीखाली छातीतल्या गाठीवर लावला. दिवाळीत हरभऱ्याएवढी होती गाठ, आता बोराएवढी झालती. आजाराचं नाव तोंडातून काढलं का तो घरात ठाण मांडते, अशी तिची धास्ती. म्हणून नवऱ्यालेबी सांगतलं नव्हतं.

सांजच्याले वंदनानं मायबापाले अंधाऱ्या कोठीत नेलं, दार लावलं अन् तीच शिशी काढली.

"पोरगी मोठ्या कॉलेजात शोध लावून राह्यली म्हणून गावभर सांगतलं," शेषराव म्हणे, "अन् आणली काय, तं राख!"

"राख नोहे बाबा. दुर्मिळ धातूची भुकटी हाये. कण इतका बारीक, का त्याच्यापुढं केस म्हंजे लाकडाचा ओंडका. ह्या बॅटरीचा उजेड आपल्याले दिसत नाही, पण कातडीच्या आत जाते. भुकटीवर पडला का भुकटीच पेटते. पुढं रोगाच्या गाठी अशा शोधता येतीन. आता उंदरांवर चालू हाये."

गोजरबाईनं पदर छातीवर ओढला.

वंदनानं बटन दाबलं. अंधार तसाच. अन् एकदम शिशी हिरवी झाली, कोवळ्या गव्हावर ऊन पडल्यावानी. ना जाळ, ना धूर. वंदनानं मधात बोट धरलं, तं बोटाआडूनबी हिरवं!

शेषरावनं टोपी काढली, हात जोडले.

"मायलेबी जवळून दाखव वं," तो म्हणे.

वंदना वळली. बॅटरीचं तोंड फिरलं, अन् लुगड्याआडून गोजरबाईची छाती हिरवी पेटली.

गोजरबाई खाली मान घालून पाहतच राह्यली. जे तिनं इतके महिने पदराखाली दडवलं, त्याच्यावर चांदणं सांडलं होतं.

"या उजेडानं वळखलं वं," ती म्हणे.

वंदनानं शिशी पाह्यली. भुकटी कमी होती. मायच्या बोटांले तेल होतं. तिले समजलं. बॅटरी बंद केली.

अंधारात गोजरबाईनं पोरीचा हात धरला अन् गाठीवर ठेवला.

"हे पाह्य."

सकाळी तिघंबी दवाखान्यासाठी जालन्याच्या पहिल्या गाडीत बसले.

एक काम कर बापा. तुह्याजवळ काही तशी बॅटरी नाही. घरी गेला का मायजवळ बस, अन् तिचं दुखणंखुपणं तोंडानंच इचार.